तिरपे शंभर मीटर

आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर शंभर मीटर सरळ धावता येत नाही. तिरपं धावता येतं. शेजारच्या केळीच्या वाडीला लागून असलेल्या मागच्या कोपऱ्यातून निघायचं आणि समोर फाटकाजवळच्या कोपऱ्यात पोहोचायचं. या दोन कोपऱ्यांमध्ये शंभर मीटर कसेबसे बसतात, पण थांबायला जागा उरत नाही. म्हणून अंतिम रेषेच्या पलीकडे, कुंपणाच्या भिंतीला आम्ही एक जाड गादी उभी टेकवतो. दोन विद्यार्थी ती दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात आणि धावणारा तिच्यावर जाऊन आदळतो. बाहेरून येणारे परीक्षक पहिल्या वर्षी हे पाहून गप्प होतात. दुसऱ्या वर्षी ते स्वतः गादी धरायला उभे राहतात.

मी इथे शारीरिक शिक्षण शिकवतो, म्हणजे पुढे शाळाशाळांतून पी.टी.चे सर आणि मॅडम होणाऱ्यांना घडवतो. संशोधनही करतो, कारण केल्याशिवाय बढती मिळत नाही. माझा प्रबंध कबड्डीपटूंच्या चपळाईवर योगासनांचा काय परिणाम होतो यावर होता. परिणाम झाला. आमच्या विषयात परिणाम होतोच. कशाचा तरी कशावर तरी काहीच परिणाम झाला नाही असं म्हणणारा प्रबंध मी अजून पाहिलेला नाही, आणि तसा कोणी लिहिला तर मी तो विकत घेऊन वाचीन. वाचायची मला सवय आहे. मोकळ्या तासाला मी ग्रंथालयात बसतो, तेव्हा मराठी विभागातले लोक माझ्याकडे जरा साशंक नजरेने बघतात. ट्रॅकसूट घातलेला माणूस फक्त पंख्यासाठी आत आला असणार, असा त्यांचा अंदाज असतो. उन्हाळ्यात तो अगदीच चुकीचा नसतो.

विभागात कायम नोकरीवर आम्ही दोघंच. दुसऱ्या बाई. त्या क्रीडा मानसशास्त्र शिकवतात आणि खो-खोचा संघ सांभाळतात. पश्चिमेकडच्या एका ख्रिस्ती गावातल्या, घरची वाडी असलेल्या. रविवारी मिस्सा आटोपली की चर्चचे चांगले कपडे बदलून थेट मैदानावर येतात. गळ्यात क्रूस आणि शिट्टी एकाच साखळीत. फारच राग आला की त्या घरच्या बोलीत ओरडतात. विद्यार्थ्यांना त्यातलं अक्षर कळत नाही, पण सगळे ताबडतोब रांगेत उभे राहतात. मानसशास्त्र म्हणतात ते हेच असावं.

तर आमच्या संस्थेचे अध्यक्ष एका परिषदेला गेले आणि तिथून ‘क्रीडा नेतृत्व’ हा शब्द घेऊन आले. काही माणसं परिषदेतून पिशवी आणि पेन आणतात, त्यावर भागतं. अध्यक्षांनी शब्द आणला आणि त्याला राहायला इमारत हवी असं ठरवलं. क्रीडा नेतृत्व केंद्र. तीन मजली, लिफ्टसह.

त्यासाठी समिती नेमली. विषयतज्ज्ञ म्हणून मी आणि बाई. वास्तुविशारदाने पडद्यावर चित्र दाखवलं. निळ्या काचांची इमारत, तिच्यापुढे वसईत कधी न उगवलेली झाडं, आणि हातात बॅग घेऊन चाललेली उंच, गोरी माणसं. क्रीडा केंद्राच्या त्या चित्रात एकही माणूस धावत नव्हता. सगळे अगदी निवांत चालत होते. नेतृत्व मिळालं की घाई राहत नसावी.

मी इमारतीपेक्षा तिची जागा बघत होतो. ती मैदानाच्या मध्यावर, जराशी मागच्या कोपऱ्याकडे सरकून उभी होती. म्हणजे आमच्या तिरप्या धावमार्गाच्या पोटातच.

“साहेब,” मी म्हटलं, “इथे बांधलं तर शंभर मीटर जातात.”

“कुठे जातात?”

“म्हणजे राहत नाहीत. आपल्याकडे शंभर मीटर धावायला तेवढी एकच रेघ आहे.”

अध्यक्षांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्यांनी पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर ती रेघ नव्हतीच.

“अहो, आपण नेतृत्वाबद्दल बोलतोय,” अध्यक्ष म्हणाले. “आणि तुम्ही पळण्याचं काय घेऊन बसलात?”

बाईंनी टेबलाखालून माझ्या बुटावर बूट दाबला. वाद घालू नका असा त्याचा अर्थ. मग त्या गोड आवाजात म्हणाल्या, “सर, एकदा मैदानावर येऊन बघा ना. तुमचं लक्ष गेलं तर मुलांनाही बरं वाटेल.” बाई मोठ्यांच्या मानसशास्त्रातही पारंगत आहेत.

अध्यक्ष दुसऱ्या दिवशी सकाळी आले. मैदानावर त्यांना एरवी फक्त झेंडावंदनाला बघायची सवय, त्यामुळे विद्यार्थ्यांनी आधी सावधान घेतलं. आम्ही त्यांच्यापुढे आमची सगळ्यात वेगवान मुलगी धावायला उभी केली. ती चांदीप गावाहून येते. शाळेत असताना शेताच्या बांधावरून धावायची, त्यामुळे रुंद जागा दिली तरी ती एका रेघेतच धावते, जणू दोन्ही बाजूंना अजून चिखल आहे. येत्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या संघाची निवडचाचणी होती आणि तिने तिचा चांगलाच ध्यास घेतला होता. चाचणी शंभर मीटरची. सराव करायला या तिरप्या रेघेशिवाय तिला दुसरी जागा नव्हती. रस्त्यावर रिक्षा आहेत, समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत वेळ लावून उपयोग नाही, आणि चांदीपच्या बांधावर शंभर मीटर कुणी मोजून ठेवलेले नाहीत.

ती धावली. गादीवर धाडकन आदळली. गादी धरणारे दोघे मागे सरकले.

अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. “वा! पण ही तिरपी का पळते?”

“सरळ पळायला मैदान पुरत नाही, साहेब.”

“अच्छा.” त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, काम झालं. “मग असं करा,” ते म्हणाले, “तुम्हीच सांगा कुठे बांधू. तुमचं पळणं राहील आणि आमचं केंद्रही होईल. तो कोपरा कसा आहे?”

त्यांनी हात केला तो डावीकडचा कोपरा आमच्या रेघेच्या वाटेत येत नव्हता. तिथे आम्ही गोळाफेक घेतो. त्या कोपऱ्याचा एक गुण असा की गोळा पडला की तिथेच रुततो. घरंगळत नाही, खूण स्पष्ट उमटते, फीत धरायला सोपं जातं. लांब उडीचा खड्डाही तिथेच शेजारी आहे आणि वर्षानुवर्षं कुणी तो नीट खणलेला नाही. जमीन आपणहून मऊ राहते.

ती का मऊ राहते हे मला माहीत होतं, कारण मी वसईतल्या वाडीवाल्यांच्या घरातला. पूर्वी इथे प्रत्येक वाडीत बावखल असायचं, म्हणजे वाडीला पाणी द्यायला खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. आमच्या घरचंही होतं. त्यात मी पोहायला शिकलो, आणि त्याच जागेवर आता सात मजली इमारत उभी आहे, तिच्या तळमजल्यावर पोहण्याचे कपडे विकणारं दुकान आहे. कॉलेजच्या या कोपऱ्यातही बावखल होतं. संस्थेने जमीन घेतली तेव्हा ते बुजवलं. वालीवच्या कारखान्यांतून निघालेलं मोडकंतोडकं सामान, फुटक्या फरशा, पडलेल्या भिंती, जे मिळेल ते ट्रकने आणून ओतलं आणि वर लाल माती पसरली. बावखल बुजतं, पण पाणी कुठे जात नाही. ते खाली बसून राहतं.

“साहेब, तिथे बावखल होतं,” मी म्हटलं.

“होतं ना?” अध्यक्ष म्हणाले. “आता नाही ना?”

“आता वरून नाही.”

“मग झालं तर.” आणि ते गाडीकडे निघाले.

मी ते एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा मला कुणी विचारलं नाही. समितीच्या पुढच्या बैठकीत बाईंनीही मातीची तपासणी करून घ्यावी असं सुचवलं. त्यावर वास्तुविशारद म्हणाले की तपासणी होईलच, पण पाहुण्यांची तारीख मिळाली आहे, आधी भूमिपूजन उरकू. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे जमिनीच्या आधी पाहुण्याची तपासणी होते. ते मोकळे आहेत का, त्यांना हार चालतो का, शाल कोणत्या रंगाची.

बैठकीतून बाहेर पडल्यावर बाई म्हणाल्या, “आपण सांगितलं ना?”

“सांगितलं.”

“मग मी आता खो-खोला जाते.”

भूमिपूजनासाठी मंडप घालायला माणसं आली, तेव्हा पहिल्याच बांबूने आम्हाला दुजोरा दिला. गोळाफेकीच्या कोपऱ्यात तो ठोकावाच लागला नाही, नुसता दाबला तरी आत गेला आणि मग सावकाश एका बाजूला कलला. मंडपवाल्याने तंबाखू थुंकून जाहीर केलं की इथे सोफे ठेवले तर पाहुण्यांसकट बाहेर काढायला वेगळे पैसे पडतील. प्राचार्य घामाघूम झाले. शेवटी मंडप फाटकाजवळच्या कोपऱ्यात घालायचा ठरलं. तिथे जमीन कडक, गाड्या थेट येतात, आणि पाहुण्यांना चालावं लागत नाही.

“पण बांधकाम तर तिकडे आहे,” मी म्हटलं.

“हो, पण पूजा इथे,” प्राचार्य म्हणाले. “काय फरक पडतो? जमीन एकच आहे.”

गुरुजींनी ईशान्य दिशा विचारली. माझ्याकडे पदभ्रमणाच्या तासाचं होकायंत्र होतं, ते मी दिलं. शारीरिक शिक्षण विभागाचं या सोहळ्यातलं एवढंच अधिकृत योगदान, शिवाय दोन रांगांत उभे राहून ‘स्वागतम्’ म्हणणाऱ्या मुली. पाहुण्यांनी चांदीची कुदळ मारली. जिथे काही बांधायचं नव्हतं त्या जमिनीची यथासांग पूजा झाली, आणि जिथे बांधायचं होतं तिला कुणी विचारलंच नाही. मग भाषणं झाली. नेता जन्मावा लागतो की घडवावा लागतो या प्रश्नावर पाहुणे बोलले आणि दोन्ही बरोबर आहे असा निर्णय त्यांनी दिला. टाळ्या वाजवताना बाई खाली मान घालून हसत होत्या. त्यांच्या पुढच्या रांगेतल्या मुलीही हसत होत्या, कारण बाई हसल्या की हसायची परवानगी असते.

शेवटी कोनशिलेवरचा पडदा बाजूला झाला.

तोपर्यंत माझं तिकडे लक्ष नव्हतं. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, पाहुण्यांचं नाव सगळ्यात मोठं, मग अध्यक्षांचं, मग विश्वस्तांची उतरत्या आकारात, आणि सगळ्यात खाली प्राचार्यांचं, वाचायला वाकावं लागेल असं. शिला सिमेंटच्या भक्कम चौथऱ्यावर छातीएवढ्या उंचीला बसवली होती. आदल्या दिवशीच बसवून पक्की केलेली. फाटकाजवळच्या कोपऱ्यात, भिंतीपुढे.

चांदीपची मुलगी माझ्यामागे उभी होती. तिच्या हातात ओवाळणीचं तबक होतं. ती हळूच म्हणाली, “सर, आपली शेवटची रेघ तिथंच हाय ना?”

मी डोळ्यांनी मागच्या कोपऱ्यापासून रेघ ओढत आणली. ती थेट पाहुण्यांच्या नावावर येऊन संपली.

“मग मी शंभर कुठं पळू?” तिने विचारलं. तबकातली ज्योत तिच्या श्वासाने हलत होती.

मैदानाच्या मधोमध येणारी तीन मजली इमारत आम्ही मोठ्या चतुराईने कोपऱ्यात ढकलली होती, आणि छातीएवढ्या दगडाने रस्ता अडवला होता. बाईंनाही ते दिसलं. त्यांचं हसणं थांबलं, आणि पुढच्या रांगेतल्या मुलींचंही.

त्यानंतर काही आठवडे त्या मुलीने जिथे जमेल तिथे सराव केला. मैदानाच्या लांबीत धावून पाहिलं, तर वेग पकडेपर्यंत भिंत येई. एकदा ती कामणकडच्या गोदामांमागच्या रस्त्यावर जाऊन धावली, तर तिच्यामागे कुत्री लागली. “वेळ चांगली आली, सर,” तिने सांगितलं, “पण निवडचाचणीला कुत्री नसतील.”

एप्रिलमध्ये जेसीबी आला. गोळाफेकीच्या कोपऱ्यात पहिला घास घेतला तेव्हा माती आली. दुसऱ्याला फुटक्या फरशा, एक टायर आणि कुठल्यातरी कारखान्याची अर्धी पाटी आली. तिसऱ्याला काळा चिखल. मग बादली वर आली ती पाणी गळतच. चालकाने यंत्र मागे घेतलं, उतरला, कडेला उभा राहिला आणि खड्ड्यात बघत म्हणाला, “साहेब, इथे कोनी मासे पाळले होते काय?”

एप्रिल म्हणजे ऐन उन्हाळा. तरी सकाळपर्यंत खड्डा निम्मा भरला. दोन दिवसांत गाळ खाली बसला आणि पाणी असं स्वच्छ झालं की तळाशी पडलेला आमचा एक जुना गोळा दिसायला लागला. चार दिवसांत बेडूक आले. कुठून येतात हे मला कधीच समजलेलं नाही. बहुधा ते तपासणीच्या अहवालाची वाट बघत नाहीत. आठवड्याच्या शेवटी एक खंड्या येऊन लांब उडीच्या फळीवर बसला, आणि आमचे काही विद्यार्थी उडीचा सराव सोडून त्याचे फोटो काढत बसले.

अध्यक्षांनी बातमी धीराने घेतली. त्यांनी पाण्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “जलतरण तलाव केला तर?”

ही कल्पना तीन बैठका जगली. तिच्यासाठी एक नवं चित्रही आलं, त्यात त्याच उंच, गोऱ्या माणसांना पोहण्याच्या पोशाखात दाखवलं होतं, बॅगा मात्र हातात तशाच होत्या. मग अभियंत्याने सांगितलं की या जमिनीवर काहीही उभं करायचं तर खूप खोल खांब उतरवावे लागतील, आणि त्याचा आकडा ऐकून विश्वस्तांची तब्येत एकाएकी बिघडायला लागली. खड्ड्याभोवती कुंपण घातलं. क्रीडा नेतृत्व केंद्राचं काय करायचं हा प्रश्न उरला, कारण अभ्यासक्रम मंजूर झाला होता, पाटी रंगवून झाली होती.

पाटी आमच्या साहित्याच्या खोलीवर लागली. आत अडथळ्यांच्या शर्यतीचे अडथळे, फाटकी जाळी, भाले, आणि आता एक संगणक. विद्यार्थी दोन अडथळ्यांवर फळी टाकून बसतात आणि नेतृत्वाच्या शैली शिकतात. मी शिकवतो. वाईट शिकवतो असं नाही. सराव सुरू होण्याआधी जड गादी खोलीतून मैदानावर कोण नेणार, यावर रोज जो वाद होतो तो मी प्रात्यक्षिक म्हणून मोजतो. कोण हुकूम सोडतो, कोण समजावतो, कोण गुपचूप सटकतो, आणि शेवटी कोण एकटी गादी खांद्यावर घेऊन निघते, हे सगळं तिथे उघड दिसतं.

राहिली कोनशिला.

ती हलवावी असा अर्ज आम्ही केला. प्राचार्य म्हणाले, हलवायची तर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांची संमती हवी. त्यातले पाहुणे आता दुसऱ्या पक्षात होते, एक विश्वस्त वारले होते, आणि दोघांचं आपसात बोलणं बंद होतं. “शिवाय हलवली तर ‘इमारत कुठे आहे?’ असं कोणी विचारेल,” प्राचार्य म्हणाले. “आहे तिथे आहे तोवर कोणी विचारत नाही.” हे त्यांनी इतक्या प्रामाणिकपणे सांगितलं की मला त्यांच्याबद्दल प्रथमच माया वाटली.

परत आल्यावर बाई कोनशिलेसमोर उभ्या राहिल्या. तिला हाताने ढकलून पाहिलं. ती जागची हलली नाही. त्यांनी बुटाने जमीन उकरली, धावमार्गाची जुनी चुन्याची रेघ शोधली आणि शिलेच्या तोंडापर्यंत आणली.

“सर, फीत आणा.”

मी फीत आणली. मागच्या कोपऱ्यात मी सुरुवातीच्या जुन्या रेघेच्याही मागे, भिंतीला अगदी टेकून टोक धरलं, त्यांनी दुसरं टोक शिलेला लावलं आणि तिथूनच घरच्या बोलीत काहीतरी ओरडल्या. मला ती बोली अर्धीमुर्धी कळते. शंभर होतात, बरोबर होतात, दगडाच्या तोंडाशी होतात, असा त्याचा सारांश होता. मधले शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत.

तेव्हापासून आमची शंभर मीटरची शर्यत पायाने भिंतीला रेटा देऊन सुरू होते आणि कोनशिलेवर संपते. गादी धरायला आता दोन विद्यार्थी लागत नाहीत. ती शिलेला दोरीने करकचून बांधली की झालं. भिंतीपेक्षा हे बरं, कारण भिंतीला गादी बांधता येत नव्हती, आणि चौथराही भक्कम आहे, हलत नाही. संस्थेने या मैदानावर केलेलं हे एकच बांधकाम असं आहे की ज्याबद्दल मला तक्रार नाही.

निवडचाचणीच्या आदल्या आठवड्यात अध्यक्ष अचानक आले. गाडीतून उतरताच त्यांना आपली शिला गादीत गुंडाळलेली दिसली. ते तडक तिकडे गेले.

“हे काय? झाकली का?”

बाई लांबून, हातात घड्याळ घेऊन म्हणाल्या, “सर, ग्रॅनाइट आहे ना. ऊन लागलं की अक्षरांचा सोनेरी रंग उडतो.”

अध्यक्षांनी गादीच्या कडेतून आत डोकावून पाहिलं. रंग शाबूत होता. ते खूश झाले. “छान. अशी आपुलकी हवी. हेच तर नेतृत्व.” आणि ते शिलेपुढे, गादीला पाठ लावून, मैदान न्याहाळत उभे राहिले.

मागच्या कोपऱ्यात, धावणाऱ्या मुलींच्या रांगेत सगळ्यात पुढे, चांदीपच्या मुलीने एक पाय भिंतीला लावला होता. तिने मान खाली घातली होती, तिला समोरचं दिसत नव्हतं. मी हात वर करून थांबायची खूण केली, पण तेवढ्यात तिकडे सुटायची टाळी वाजली आणि ती निघाली. त्याच एका रेघेत, दोन्ही बाजूंना चिखल असल्यासारखी, थेट अध्यक्षांकडे.

“सर,” बाई घड्याळावरची नजर न काढता म्हणाल्या, “जरा बाजूला होता का? ती थांबत नाही, आणि तिच्यामागे अजून चौघी आहेत.”